घरातली पहिली सायकल आईच्या मापाची घ्या

घरात सायकल घ्यायचं ठरलं की ती कुणासाठी, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. मुलगा सहावी-सातवीत जातो, शेजारच्या पोराकडे सायकल येते, तो दोन दिवस जेवणावर रुसतो आणि वडील त्याला घेऊन दुकानात जातात. जाड टायर, पुढे स्प्रिंगचा फोर्क, डिस्क ब्रेक, भडक रंग. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही. सहा महिने पोरगा ती वस्तीच्या तोंडाशी फिरवतो. मग डिस्क घासायला लागते, गिअरची वायर तुटते, कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो, याचं सामान आपल्याकडे येत नाही. सायकल जिन्याखाली जाते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात. त्याच घरातली आई पहाटे उठून पाणी भरते, डबे करते आणि तीन किलोमीटर पायी कामाला जाते, नाहीतर थांब्यावर बसची वाट बघत उभी राहते.

आमचं म्हणणं असं, की घरात पहिली सायकल यायची असेल तर ती आईच्या मापाची यावी. बिनदांडीची, म्हणजे आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती, मागे मजबूत कॅरिअर असलेली. ही सायकल मुलगी चालवते, मुलगा चालवतो, सीट चार बोटं वर केली की वडीलही चालवतात. मुलासाठी घेतलेली सायकल फक्त मुलाची होते, आणि तीही त्याचे पाय लांब होईपर्यंत. पैसा सगळ्या घराचा जाणार असेल तर वस्तू सगळ्या घराची हवी, आणि जिला रोज सर्वांत जास्त तंगडतोड करावी लागते तिचा हक्क पहिला.

आरोग्याच्या पानावर सायकल कशाला, असं कुणी विचारेल. विहारात आरोग्य तपासणी असली की रक्तदाबाच्या टेबलापुढे कोण बसतं ते आठवा. चाळिशीच्या आतबाहेरच्या बाया, रात्रपाळीचे वॉचमन, रिक्षा चालवणारे, टेलरिंगवाले. साखर वाढलेली, दाब वाढलेला, गुडघे दुखणारे. व्यायाम करा म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, दिवसभर राबतोच की, आणखी व्यायाम कसला. ते खोटं नाही. पण बारा तास खुर्चीवर बसून केलेली पहाऱ्याची ड्यूटी, आठ तास एका जागी उभं राहून केलेलं पॅकिंग, वाकून केलेली धुणीभांडी यांनी अंग मोडतं, दमणूक होते, तरी हृदयाला आणि फुप्फुसांना लागणारी सलग, तालातली हालचाल त्यात फार कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल हवी. मध्यम म्हणजे धाप थोडी वाढलेली, पण बोलता येतंय इतपत.

आता हिशेब करू. साध्या सायकलीवर, घाई न करता, शहराच्या गर्दीत तासाला बारा किलोमीटर सहज होतात. कामाची जागा पाच किलोमीटरवर असेल तर जायला २५ मिनिटं, यायला २५. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ३०० मिनिटं होतात. वेगळा वेळ काढायचा नाही, पहाटे टेकडीवर जायचं नाही, जिमची फी भरायची नाही. आपल्या बायकांना व्यायामाला वेळ मिळत नाही हे सगळेच मान्य करतात, पण कामावर जाण्याच्या वेळेचाच व्यायाम होऊ शकतो हे मनावर कोणी घेत नाही.

साखरेच्या रुग्णाला याचा फायदा कसा होतो तेही समजून घ्यावं. मांड्यांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. ते चालू लागले की रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनवर तेवढं अवलंबून राहावं लागत नाही. शिवाय सायकल चालवून झाल्यावरही पुढचा बराच वेळ, कधी दिवसभर, शरीर इन्सुलिनला जास्त चांगलं दाद देतं. म्हणून रविवारी एकदम दोन तास चालवण्यापेक्षा रोजची पंचवीस-पंचवीस मिनिटं जास्त कामाची. गुडघेदुखीवाल्यांना भीती वाटते, पण सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो, त्यामुळे चालण्यापेक्षा गुडघ्यावर ताण कमी येतो. अट एकच, सीट नीट उंचीवर हवी. त्याबद्दल पुढे सांगतो.

पैशाचंही बघू. पुण्यात पीएमपीच्या बसला २०२५ च्या जूनपासून पाच किलोमीटरपर्यंत दहा रुपये आणि पाच ते दहा किलोमीटरला वीस रुपये तिकीट झालं. सात किलोमीटरवर कामाला जाणारी ताई रोज चाळीस रुपये देते, महिन्याचे २६ दिवस धरले तर १,०४० रुपये. दोन-तीन ठिकाणी काम करणाऱ्या बाईला तर एका घरून दुसऱ्या घरी जाताना प्रत्येक वेळी दहाची नोट काढावी लागते, किंवा ती वाचवायला उन्हात चालावं लागतं. साधी नवी सायकल साधारण सहा ते नऊ हजारांत येते. म्हणजे सात-आठ महिन्यांच्या तिकिटांत ती फिटते, पुढची पाच-सात वर्षं टायर-ट्यूब आणि ब्रेकची रबरं एवढाच खर्च. सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दुकानदाराकडे पक्कं बिल मागा आणि त्यावर कर किती लावला ते वाचा.

याच्या शेजारी मोटारसायकलीचा हिशेब ठेवा. हप्ता तीन हजारांच्या आसपास, पेट्रोलचे आठशे-हजार, वर्षाचा विमा, सर्व्हिसिंग, आणि हप्ता चुकला तर वसुलीवाल्याचा फोन. आमचा मोटारसायकलीला विरोध नाही. ज्याचं काम वीस किलोमीटरवर आहे, ज्याला डिलिव्हरीचं काम करायचं आहे, त्याला ती लागणारच. पण चार किलोमीटरवरच्या कामासाठी घरातलं सोनं गहाण टाकून घेतलेल्या गाड्या प्रत्येक वस्तीत आहेत आणि त्या कशासाठी घेतल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. सायकलवर दिसायला नको म्हणून.

ही लाज आपल्यात कधी शिरली? पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात कामाला जाणारी आपली किती माणसं सायकलवर जात, हे वस्तीतल्या सत्तरीच्या कोणत्याही बाबांना विचारा. डबा हँडलला, पँटच्या पायाला क्लिप. त्यांच्या आधीच्या पिढीला गावाकडे सवर्णांच्या आळीतून जाताना सायकलवरून खाली उतरावं लागे, ती हातात धरून चालावं लागे. बसून गेलं तर मार पडे. शहरात येऊन स्वतःच्या कमाईची सायकल घेतली, कुणासमोर न उतरता भर रस्त्यानं चालवली, याचं मोल त्या माणसांना माहीत होतं. त्यांचा नातू आज सायकलला गरिबीची खूण समजतो. जयंतीच्या मिरवणुकीपुढे मोटारसायकलींची रॅली निघते, सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा धूर बालवाडीच्या पोरांच्या तोंडावर जातो. त्या रॅलीत पन्नास सायकली, त्यातल्या निम्म्या बायांच्या, अशी एखादी रांग असावी असं आम्हाला फार वाटतं. असो.

आता दुकानात काय बघायचं ते. उंची पाच फुटांच्या आत असेल तर २४ इंची चाक, त्याहून जास्त असेल तर २६ इंची पुरे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकतो, ती योग्य उंची. आपल्याकडे सगळे सीट फार खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. शिकताना ते ठीक आहे. पण शिकून झाल्यावरही सीट तशीच राहिली तर गुडघे दुखतात आणि दोष सायकलला लागतो.

स्प्रिंगचा फोर्क नको. स्वस्त सायकलीतला तो फोर्क वजन वाढवतो, पायडल मारण्यातली थोडी ताकद खातो आणि वर्षभरात गंजतो. डिस्क ब्रेकही नको, साधे रबराचे ब्रेक कोणताही मिस्त्री दहा मिनिटांत जमवून देतो. पूर्ण चेनकव्हर हवं, नाहीतर साडीचा काठ आणि ओढणी चेनमध्ये जाणारच. मागच्या चाकाला जाळी लावून घ्या. मडगार्ड, घंटी, स्टँड, मागचा लाल आणि पुढचा पांढरा रिफ्लेक्टर हे सगळं दुकानातच बघून घ्यावं. साध्या सायकलीचं वजन सोळा ते वीस किलो असतं. तुमच्या घराला जिना असेल तर दुकानातच एकदा उचलून बघा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गिअरचं विचाराल तर पुण्यासारख्या चढउताराच्या शहरात गिअर उपयोगी पडतो हे खरं. पर्वतीच्या पायथ्याला, कात्रजच्या बाजूला राहणाऱ्यांना तो हवासा वाटेल. पण त्याची देखभाल नीट झाली नाही तर तोच डोकेदुखी होतो. त्यापेक्षा एक जुनी युक्ती आहे. साध्या सायकलीच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील बहुतेक वेळा १८ दातांचं असतं. मिस्त्रीला सांगून तिथे २० किंवा २२ दातांचं बसवून घ्या, लागली तर चेनची एखादी कडी वाढवावी लागेल. वेग थोडा कमी होतो, चढ मात्र पुष्कळ हलका होतो. खर्च काहीशे रुपयांचा. ज्या मावशींना चढावर उतरून ढकलावं लागतं म्हणून सायकल नकोशी होते, त्यांना हे आवर्जून सांगावं.

बॅटरीच्या सायकलीबद्दल हल्ली विचारणा होते. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. पण किंमत साध्या सायकलीच्या तिप्पट-चौपट, बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते, आणि एका बोर्डावर चार घरांची वायर असलेल्या ठिकाणी रात्रभर चार्जिंग लावणं आम्हाला धोक्याचं वाटतं. पहिली सायकल ती नव्हे.

जुनी सायकल घ्यायला हरकत नाही, दोन-तीन हजारांत चांगली मिळते. चाक उचलून फिरवा, रिम डावीकडे-उजवीकडे डुलत असेल तर चाक आऊट आहे. थोडं असेल तर तारा आवळून निघतं, रिम वाकली असेल तर नवी घालावी लागते. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलच्या मुळाशी खट्‌खट्‌ वाजलं तर छर्रे गेलेत. दांडीच्या जोडांवर नवा रंग मारलेला दिसला तर खाली वेल्डिंग आहे का ते नखानं खरवडून बघा. आणि फ्रेमचा नंबर बघा. तो बहुधा पायडलच्या एक्सलखाली किंवा सीटखालच्या नळीवर ठोकलेला असतो. घासून काढलेला असेल तर ती सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. चोरीच्या मालाचा आरोप आपल्या पोरांवर किती पटकन येतो हे वेगळं सांगायला नको. नव्या सायकलीचाही नंबर बिलावर लिहून घ्यावा आणि बिलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा.

एकरकमी पैसे नसतील तर बचत गटातून सहा महिन्यांत फेडीचं कर्ज घ्यावं. दुकानाच्या हप्त्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि व्याज गटातच राहतं. गटाच्या बैठकीत मंगळसूत्रासाठी, बारशासाठी कर्ज मागताना कुणी दचकत नाही. सायकलसाठी बाईनं मागितलं की हसू येतं, ते बंद व्हावं. शाळकरी मुलींसाठी काही योजना आहे का, हे महापालिकेच्या समाजविकास विभागात दरवर्षी विचारायला हवं. योजना बदलतात आणि अर्जाची मुदत निघून जाते.

आता मोठी अडचण. आईला सायकल येतच नाही. चाळिशीत कोण शिकणार, पडले तर, लोक काय म्हणतील. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्याचं उदाहरण इथे आठवतं. तिथे १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर बायांना सायकल शिकवण्याचं काम हाती घेतलं गेलं. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, गावातल्या परिचारिका, शिक्षिका अशा एक लाखाहून जास्त बाया सायकल शिकल्या. शेरे मारणारे तिथेही होते. बायांना मात्र पाणी आणायला, माल विकायला, पोराला दवाखान्यात न्यायला कुणाची वाट बघावी लागेनाशी झाली. त्या बायांकडे आपल्या वस्तीतल्या बायांपेक्षा वेळही जास्त नव्हता आणि पैसाही.

मोठ्या माणसाला शिकवायची पद्धत लहान मुलापेक्षा वेगळी आहे. मागून कॅरिअर धरून पळायचं नाही, त्यानं शिकणारा माणूस धरणाऱ्यावरच अवलंबून राहतो. सीट पूर्ण खाली करा, दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. दोन्ही पायडल पान्यानं काढून टाका. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून सुटतं. मग सीटवर बसून नुसते पायांनी जमीन ढकलत चालायचं, हळूहळू पाय उचलून सायकल तरंगू द्यायची. पुढे बघायचं, चाकाकडे नाही. तोल आला की पायडल लावायचे. रोज अर्धा तास दिला तर बहुतेक बायांना आठवड्या-पंधरवड्यात जमतं. विहाराचं पटांगण सकाळी मोकळं असतं, सपाट असतं, चार ओळखीच्या बाया आजूबाजूला असतात. महिला मंडळानं महिनाभर तो तास सायकलसाठी ठेवावा. पाळी चालू असताना सायकल चालवू नये, त्यानं गर्भपिशवी सरकते, मुलीचं लग्न जमायला अडचण येते, असल्या गोष्टी अजूनही कानावर येतात. त्यात काही तथ्य नाही. पाळीत चालवायला हरकत नाही. गरोदरपणात पडण्याचा धोका असतो म्हणून ती टाळावी, आणि नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर सांगतील तोवर थांबावं.

रस्त्याचा धोका आम्ही लपवणार नाही. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षअखेरीस भाड्याच्या सायकलीही आल्या, मोबाईलवर कुलूप उघडायच्या. औंधमध्ये आणि विद्यापीठात त्यांची सुरुवात झाली, आणि काही वर्षांतच त्या दिसेनाशा झाल्या. जे ट्रॅक झाले त्यांपैकी कितीतरींवर आज गाड्या लावलेल्या असतात, मधेच झाड येतं, मधेच डीपी बॉक्स येतो. आपल्या वस्त्यांच्या दारातून ट्रॅक निघाला असं तर क्वचितच दिसतं. सायकलचं नियोजन करताना हौसेनं चालवणारा माणूस डोळ्यांपुढे धरला जातो, पोटासाठी चालवणारा दिसत नाही. वॉर्डाच्या बजेटला नागरिकांकडून सूचना मागवतात तेव्हा वस्तीच्या तोंडाशी सायकल स्टँड आणि जवळच्या शाळेपर्यंत सुरक्षित पट्टा, या दोन मागण्या लेखी द्याव्यात. पावती घ्यावी.

रस्ता सुधारेपर्यंत जपून चालवणं आपल्या हातात आहे. मोठ्या रस्त्याऐवजी आतल्या गल्लीनं जा, दहा मिनिटं जास्त लागली तरी. धूरही कमी लागतो. उड्डाणपूल आणि हायवे सायकलीसाठी नाहीत असंच समजा. उलट्या दिशेनं चालवू नका. सर्वांत वाईट अपघात चौकात होतात. सिग्नलला थांबलेल्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या बाजूनं घुसू नका. तो डावीकडे वळला की त्याच्या मागच्या चाकांना तुम्ही दिसत नाही. एक वेळ मागे थांबा. उभ्या गाड्यांना घासून जाऊ नका, दार अचानक उघडतं. उतारावर दोन्ही ब्रेक एकत्र हळू दाबा, नुसता पुढचा दाबला तर माणूस हँडलवरून फेकला जातो. पावसात ब्रेकची रबरं ओली असतात, चौक येण्याआधीच एक-दोनदा हलकेच दाबून पाणी पुसून काढा. अंधार पडल्यावर मागे लाल दिवा हवाच, सेलवरचा छोटा दिवा शंभर-दीडशेत मिळतो. हेल्मेट सायकलीला कायद्यानं लागत नाही, तरी घ्यावं असं आमचं मत आहे.

लहान मूल कॅरिअरवर बसवताना फार जपा. पाय लोंबकळतात आणि टाच मागच्या चाकाच्या तारांत सापडते. ही जखम वरून लहान दिसते, आत मात्र कातडी चिरडलेली असते आणि दोन-चार दिवसांनी काळी पडते. तसं झालं तर पाय ओढू नका, चाक उलटं फिरवून किंवा तार तोडून सोडवा, स्वच्छ पाण्यानं धुवा, कापडानं दाबून धरा आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हळद, चुना, टूथपेस्ट लावू नका. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना जाळी आणि पायदान बसवलं की हा धोका बराच टळतो. पाण्याचा कॅन किंवा पिशव्या हँडलला अडकवू नका, वळताना सायकल आडवी होते. ओझं मागे, दोरीनं बांधून.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं? चालताना छातीत दुखतं किंवा दडपण येतं त्यांनी, हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्यांनी, दाब औषधानंही आटोक्यात नाही त्यांनी, आणि दम्याच्या रुग्णांनी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात चार चमचे साखरेची पुडी किंवा गूळ ठेवावा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच उतरून ती साखर खावी, पंधरा मिनिटं बसावं. बऱ्याच दिवसांची साखर असलेल्यांच्या पायांना मुंग्या येतात, जखम झालेली कळत नाही; त्यांनी स्लिपर घालून सायकल चालवू नये, बंद बूट घालावेत आणि रात्री तळवे बघावेत. रोज चालवायला लागल्यावर महिन्याभरानं साखर आणि दाब पुन्हा तपासा, गोळ्यांचं प्रमाण बदलायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

देखभाल फार नाही. आठवड्याला हवा, पंधरवड्याला चेनला तेल, पाऊस लागला तर त्याच दिवशी चेन पुसून तेल. टायरमध्ये हवा कमी असताना खड्ड्यात गेलं की ट्यूब रिमखाली चिमटून फाटते, निम्मी पंक्चरं अशीच होतात असं मिस्त्री सांगतात. एक पायपंप, पान्यांचा एक संच आणि पंक्चरचं सामान एवढं विहाराच्या कपाटात ठेवलं तर साऱ्या वस्तीला पुरतं. किल्ली मात्र महिला मंडळाकडे असू द्या, पोरांकडे दिली तर पंप क्रिकेटच्या बॉलसाठी जातो.